तपासणीआधीचे चार दिवस

मोठ्या भावाच्या साखरेच्या आजाराचं सगळं मीच बघायचो. तो शेतकरी, मी शाळेत विज्ञान शिकवणारा. मग घरातला शहाणा कोण, तर मी! दर तीन महिन्यांनी त्याला म्हसावदहून शहाद्याला तपासणीला न्यायचं, रिपोर्ट वाचायचा आणि वहिनीला समजावून सांगायचा.

एकदा तपासणी चार दिवसांवर आली आणि बघतो तर गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. माझं डोकंच फिरलं. "भाऊ, निदान हे चार दिवस तरी खा," मी ओरडलो, "नाहीतर डॉक्टर मला झापतील!" त्यानं मुकाट्यानं खाल्ल्या. उपाशीपोटीची साखर बरी आली. डॉक्टर खूश, मी खूश. तेव्हापासून तीच रीत पडली. तपासणी आली की चार दिवस गोळ्या, एरवी सकाळी कारल्याचा रस.

"रोज खादं का आंगले सवय लागी जास," तो म्हणायचा. चार दिवसांच्या गोळ्यांनी फक्त रिपोर्ट सुधारतो, आजार नाही, हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी कळणारी तपासणी करायला सांगितली, तीही मीच टाळली. रिपोर्ट चांगले येत होते, मग कशाला नसतं लचांड?

यंदा कापसाच्या वावरात अनवाणी फिरताना त्याच्या पायात कापलेल्या पऱ्हाटीचा खुंट घुसला. त्याला कळलंसुद्धा नाही. ओट्यावर रक्ताचे ठसे वहिनीनं पाहिले, तेव्हा घरात समजलं. पंधरा दिवसांत बोटं काळी पडली. अरे देवा, तो वास! त्याला घेऊन मी नंदुरबार गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, मग मला शेजारी बसवलं. "साखर नुसती रक्तात वाढत नाही, मास्तर. ती रक्ताच्या नसांना आतून गंज चढवते, पायाची जाणीवही मारते. रोजची गोळी तो गंज आवरते. काही गोळ्या नसांचं अस्तरही थोडंफार सांभाळतात. पण खंड पडला की गंज पुन्हा सुरू. यांचे जुने रिपोर्ट तर चांगले आहेत. मग नसा इतक्या बंद कशा? गोळ्या रोज होत्या ना?"

मी तोंड उघडलं. शप्पथ, खरं सांगणार होतो. पण माझ्याआधी भाऊच बोलला.

"रोज साहेब. मन्हा धाकला भाऊ स्वतः देये. एक दिन चुकना नही."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटत होतं, गोळ्यांचं कळलं तर डॉक्टर मला बोलतील. पाय जायची वेळ आली होती आणि हा माणूस माझी अब्रू राखत होता. लाज वाटते मला, आजही वाटते.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, औषधं नियमित. दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली पाय कापला. मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही.