बोटाखालून निसटलेली बातमी

आमच्या तालुक्याचा पेपर आता कागदावर निघत नाही. दुकानदारांच्या जाहिराती फोनवर गेल्या, त्यांच्यामागे पेपरही गेला. मी ओळीखाली बोट धरून वाचणारी. कागदावरची बातमी भाकरी उलटून आलं तरी तिथेच थांबलेली असायची.

आज फोनवर ठळक दिसलं, माझ्या माहेरची शाळा बंद होणार. मी चौथीपर्यंत तिथेच शिकले. पुढचं वाचायला बोट ठेवलं, तर साड्यांची जाहिरात उघडली.

"अहो आई, बोट लावू नका, नुसतं बघा!" सून हसली आणि तिने बातमी परत काढून दिली. बोट पुन्हा गेलं. पुन्हा साड्या.

सगळंच हात लागताच पळायला लागलं, तर माणसाने धरायचं काय? तिला तिसऱ्यांदा हाक मारायला जीभ रेटत नाही. शाळा का बंद करतात, ते तिथे लिहिलेलं असेल. नुसत्या डोळ्यांनी मला वाचता येत नाही.