पाकटाखाली घातलेला हात

बचत गटाच्या बायकांबरोबर कोकण बघायला गेले तेव्हा मी पस्तिशीची होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. आता साठी उलटली, तसं कळणं कमी कमी होत चाललंय.

रत्नागिरीजवळच्या एका बंदरावर कोळणीनं टबात खारं पाणी भरून एक जिवंत पाकट ठेवलं होतं. सुपाएवढा चपटा, राखाडी मासा, मागं चाबकासारखी शेपटी. बघूनच तोंडाला पाणी सुटलं; ओकारीच्या आधी सुटतं तसलं.

"शेपटीनं पोहतंय," मी निकाल दिला. आमचं गाव माकणीच्या धरणाजवळ. मासे शेपूट हलवून पोहतात हे आमच्याकडं शेळ्यांनाही ठाऊक.

"शेपटी नुसती मागनं येते," कोळीण म्हणाली. "कड बघा, कड."

"अक्का, उगं वाद घालू नका," धाकटी जाऊ पुटपुटली. "गळ्यात माळ हाय तुमच्या."

तीच तर अडचण. मी माळकरी, मासळीला हात लागला असं कळलं तर सासूबाई मला चुलीपाशी फिरकू देणार नव्हत्या. पण सगळ्या बायका बघत होत्या, आणि हरायची मला सवय नव्हती. "शेपटीचा विषारी काटा काढलाय, खालून हात लावा," कोळीण म्हणाली. मी बांगड्या वर सारल्या आणि हात घातला.

शेपटी लोंबतच राहिली. कडेचा पातळ पंख मात्र पुढून उचलला, ती लाट मागं सरकत गेली, तिच्यामागं दुसरी, आणि प्रत्येक लाट माझ्या तळव्यावर शेंबूड फासत गेली. वळताना त्यानं एकीकडचाच पंख जोरात मारला. दुसरा गिळगिळीत माझ्या मनगटाला चिकटला. मग ते तिरपं झालं. पांढऱ्या पोटावर तोंड उघडमीट करत होतं. शी! कोळणीच्या पाटीशेजारीच मी सकाळचे पोहे ओकले.

"काय ताई, कळलं?"

"कळलं," मी पदरानं तोंड पुसत म्हटलं.

घरी पोचलो. जावेनं चपला काढायच्या आत तोंड उघडलं.

"आत्याबाई, अक्कांनी मासा धरला!"

"खाल्लास व्हय गं?" सासूबाईंनी मला विचारलं.

"न्हाय वो! नुसता हात लावला."

"मग आठ दिवस पिठाला शिवू नगंस. भाकरी ही करंल."

घरात अकरा माणसं. जावेचं तोंड एवढंसं झालं, आणि मला आतून गुदगुल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं परातीतली ओली भाकरी तळव्यावर उचलली. भाकरीची कड पुढून मागं थरथरत गेली. मी तोंडावर हात, तोच हात, दाबून परसात पळाले. आठही दिवस भातावर काढले.