दाजींचं खरं फरचं झाड

मोठ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, बँकेतून रिटायर झाले आणि एका हिवाळ्यात मुलाकडे परदेशात राहून आले. तिथं त्यांनी नाताळासाठी फरचं झाड शेतात हिंडून निवडलं आणि स्वतः करवतीनं कापलं. एवढंच त्यांचं कर्तृत्व. पण परत आल्यावर भेटेल त्याला थांबवून ते मोबाईलमधले फोटो दाखवायचे. आमच्या चर्चचे ते सेक्रेटरी, त्यामुळे कुणाला सुटताही यायचं नाही.

माझी कोल्हारजवळ हायवेला नर्सरी आहे. आमच्याकडे ख्रिसमस ट्री म्हणून कुंडीत जे झाड विकतात, तेच मी इतकी वर्षं चर्चला देत आले. दाजींनी त्याची फांदी दोन बोटांत धरून सोडून दिली. म्हणाले, हे शोभेचं झाड, खरं नव्हे. खरं मी आणतो.

जानेवारीत हिमाचलातून त्यांची सहा रोपं टेम्पोनं आली. कमरेएवढी, दाट, देखणी होती. ते मी नाकारत नाही. इथल्या उन्हात टिकणार नाहीत, असं मी स्पष्ट सांगितलं. दाजी हसले.

"तू फक्त पाणी घाल. बाकीचं मला कळतं."

मग जे कळत होतं ते सुरू झालं. दुहेरी शेडनेट बांधलं, ओली गोणपाटं टांगली. मार्च लागला तसे ते रोज दुपारी रसवंतीवरून बर्फाची लादी आणून बुंध्यापाशी फोडून टाकू लागले. बँकेत आयुष्य काढलेला माणूस टोपी घालून झाडांना बर्फ घालतोय आणि येणारी-जाणारी गिऱ्हाइकं थांबून बघताहेत. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती.

मे संपेपर्यंत सहाही तपकिरी झाली. आधी माझ्या बोअरचं पाणी खारं ठरलं, मग माझी माती. शेवटी दाजी म्हणाले, झाडं मेली नाहीत, झोपलीत. मी त्यांच्यासमोर एका खोडाची साल खरवडली. आत वाळकं लाकूड. दाजींनी तोंड फिरवलं, त्यातलं उंच झाड गाडीत घातलं आणि घरी नेलं. उरलेली पाच मी चुलीत घातली.

नाताळाच्या सकाळी उपासनेला गेले, तर ते झाड वेदीजवळ टेबलावर उभं. हिरवंगार. दाजींनी पुढं येऊन, मनात आणलं तर नगर जिल्ह्यातही फर वाढतं, असं भाषण केलं. पाळकांनी कौतुक केलं, पोरी फोटो काढू लागल्या. बहीण माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती. तिच्या नखांत हिरवा ऑइलपेंट होता.

मी हळूच विचारलं, तर म्हणाली, "दोन दिस लागले. बारीक ब्रशनं केलं. कुनाला सांगू नको."

चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्या माणसाच्या अनेक चुका झाकल्या असतील, पण मेलेल्या झाडाची पानं एकेक करून रंगवणं? मला त्याच्याहून तिचाच राग आला.

बाहेर पडताना तिसगावच्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, असलं झाड तुझ्याकडं मिळंल का? दाजी हातभर अंतरावर उभे होते.

"ते मेलेलं आहे, मावशी," मी म्हणाले. "मे महिन्यातच मेलं. वरून रंग दिलाय."

चारचौघांनी ऐकलं. दाजी म्हणाले, हिला मत्सर वाटतो. आणि लोकांना ते पटलं. माणसानं निदान प्रयत्न तरी केला, असं मंडळीत सगळे म्हणत होते. तोंडघशी पडली ती बहीण, कारण बायकांनी तिची बोटं पाहिली. आठ महिने ती माझ्याशी बोलली नाही.

सेक्रेटरी अजून दाजीच आहेत. आता त्यांनी सफरचंदांचं डोक्यात घेतलंय. मागच्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून तिनं विचारलं, सफरचंदाला कसली माती लागती?

मला माहीत होतं. मी माहीत नाही म्हणाले.