खुरांचा हत्ती

फ्रान्समधल्या त्या खेड्यातल्या जुन्या चर्चची किल्ली समोरच्या घरातल्या बाईंकडे असते. पिठाचे हात एप्रनला पुसत त्या आल्या, दार उघडलं आणि मला थेट एका खांबापाशी घेऊन गेल्या. खांबाच्या माथ्यावर हत्ती कोरलेला होता. सोंड कर्ण्यासारखी टोकाला रुंद, कान डुकराचे, आणि चारही पायांना चक्क गाईचे खूर! मला हसू आवरेना.

"तुम्ही तर हत्तींच्या देशातले. मग हसलात कशाला?"

"हत्तीला खूर नसतात हो, बाई," मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं.

मी पुन्हा वर पाहिलं. कित्येक शतकांपूर्वीच्या त्या पाथरवटाने हत्ती कधी पाहिला नसणार, नुसता ऐकला असणार. ऐकीव माहिती पायांपाशी संपली, तेव्हा त्याने गोठ्यातल्या गाईचे पाय घेतले. पण छिन्नी कुठे म्हणून कचरलेली नाही. आमच्या गल्लीत साधू हत्ती घेऊन यायचे; मी त्याला स्वतःच्या हाताने केळी भरवली आहेत. तरी त्याच्या पायाला नखं किती, हे आज मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

बाहेर आल्यावर बाईंनी किल्ली फिरवली, दार ओढून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आमच्या हत्तीला असतात खूर."