उभ्या उभ्या पळणारं घड्याळ

धाकटीचं वजन उतरत नव्हतं आणि त्यात धाकटीचा काडीचाही दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर ऐकणाऱ्यांतले चार जण लगेच म्हणणार, खात असेल चोरून. तसं म्हणणारे तेव्हाही होतेच. ताईची नणंद तर दाराला टेकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली होती, "मनातूनच द्यायचं नसेल तर अंग कसं उतरेल?"

द्यायची होती ती किडनी. ताईच्या दोन्ही निकामी झाल्या होत्या आणि एक दिवसाआड तिला डायलिसिससाठी जाऊन पडावं लागायचं. पाठच्या बहिणीच्या, म्हणजे धाकटीच्या तपासण्या झाल्या, रक्त जुळलं, सगळं जुळलं. फक्त सर्जनने वजनकाट्याकडे पाहून मान हलवली. "आठ किलो कमी करा. इतक्या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. मला तुमचाही जीव बघायचा आहे."

आठ किलो म्हणजे काय मोठंसं, असं धाकटीला वाटलं. कष्टाला ती कधीच मागे हटली नव्हती. एका मोठ्या लाँड्रीत ती इस्त्रीला होती. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, कुणाकुणाचे लग्नाचे सूट. वरून लोंबणाऱ्या नळीतून वाफ घेणारी जड इस्त्री, आणि दिवसभर उजवा हात पुढे-मागे, पुढे-मागे. त्या खोलीत पाय ठेवला की नव्या माणसाला घाम फुटायचा आणि जुनं माणूस घाम पुसायचं विसरून गेलेलं असायचं.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. यंत्रावर त्याचा देवासारखा भरवसा. बायकोने पळायचं ठरवलं म्हटल्यावर तो हौसेने धावणाऱ्यांचं घड्याळ घेऊन आला. "किती पळालीस, नाडी किती, दिवसभरात किती कॅलरी जाळल्यास, सगळं सांगतं हे. तेवढ्यातून पाचशे वजा करायच्या आणि उरतील तेवढंच खायचं. आठ किलो कुठल्या कुठे जातील."

धाकटीच्या डाव्या मनगटावर वाफेने भाजल्याचा जुना चट्टा होता, तिथे पट्टा टोचायचा. म्हणून घड्याळ बांधलं उजव्या हाताला.

ती पळायला लागली. पाण्याच्या टाकीभोवती पहिल्या दिवशी एक फेरी पूर्ण करताना तिचा जीव मेटाकुटीला आला. पण हट्ट सोडील तर ती धाकटी कसली. हळूहळू फेऱ्या वाढल्या, दम टिकायला लागला. आणि संध्याकाळी घड्याळ आकडा दाखवायचं तो असा दणदणीत, की नवरा खूश होऊन जायचा. सर्जनने बजावलं होतं की उपाशी राहू नका, अशक्तपणा आलेला चालणार नाही. त्यामुळे आकड्याप्रमाणे खाणं हे नवऱ्याने व्रतासारखं धरलं. धाकटीचं पोट भरलेलं असायचं, ती उठायला लागायची आणि हा म्हणायचा, "बस खाली, अजून चारशे बाकी आहेत." मग दूध, मग शेंगदाणे, मग एक केळं. भूक नसताना ती बिचारी घास ढकलायची, बहिणीसाठी.

पहिल्या महिन्यात काटा जागचा हलला नाही. दुसऱ्या महिन्यात हलला, पण वर.

आता नणंदेचं बोलणं तिच्या मनात घर करून बसलं. कारण खरी गोष्ट अशी होती की धाकटीला भीती वाटत होती. सुरीची, भूल उतरली नाही तर काय याची, एका किडनीवर पुढचं आयुष्य काढायची. चादरीवर इस्त्री फिरवता फिरवता मध्येच तिचा हात आपल्या कुशीवर जायचा. हे कुणाला सांगायचं? ताईला? मग तिला वाटायला लागलं, आपलं भित्रं मनच अंगाला फितवतंय. वर तोंडाने हो म्हणतेय आणि आतून बहिणीला मारतेय. या विचाराने तिचा जीव इतका खाल्ला, की ती ताईच्या नजरेला नजर देईना.

शेवटी सर्जनने तिला त्याच हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाईंना सर्दी झाली होती, नाक चोंदलेलं. त्यांनी घड्याळातले आकडे पाहिले आणि नाक पुसत विचारलं, "इतकं? तुम्ही मॅरेथॉन पळता की काय?"

"नाही हो. टाकीभोवती पळते आणि मग कामाला जाते. इस्त्रीला."

"घड्याळ घालूनच?"

"आमचे हे म्हणाले, काढायचं नाही."

बाईंनी टेबलावरचे कागद बाजूला केले. "कशी करता इस्त्री? इथे करून दाखवा."

धाकटी उठली, संकोचली, आणि रिकाम्या मुठीत इस्त्री धरल्यासारखं करून टेबलावर हात फिरवायला लागली. पुढे-मागे, पुढे-मागे, रोजच्या लयीत. बाई तिच्या मनगटावर वाकून बघत राहिल्या. पावलांचा आकडा भराभरा चढत होता.

"तुम्ही एका जागी उभ्या आहात," बाई म्हणाल्या, "आणि हे पळतंय."

मग त्यांनी नीट उलगडून सांगितलं. हात हलला की घड्याळाला पावलं वाटतात. वाफेच्या उकाड्यात नाडी वाढते, आणि नाडी वाढली की त्याला वाटतं माणूस जोर लावतंय. दोन्ही एकदम झालं की ते पळण्याचा हिशेब लावून मोकळं होतं. "खरोखर पळतानासुद्धा तो आकडा अंदाजच असतो. कुणाचा थोडा चुकतो, कुणाचा पुष्कळ. तुम्ही दिवसभर न जाळलेलं संध्याकाळी खात बसलात."

धाकटीने हात थांबवला. "म्हणजे ते माझ्या मनामुळे नाही?"

"काय मनामुळे?"

"वजन."

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "मनाने वजन वाढत नाही हो. दुधाने आणि शेंगदाण्यांनी वाढतं."

धाकटी मटकन खुर्चीत बसली. आधी हसली, मग ढसाढसा रडली, आणि बाईंचे सगळे टिश्यू संपवून टाकले. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास आला. ती जवळजवळ पळतच वरच्या मजल्यावर गेली, जिथे ताई डायलिसिसला पडली होती.

ताईने जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. तिने सगळी हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, आकडा आला की आधी तो कुठून आला ते विचारायचं असतं." मग आवाज उतरवून म्हणाली, "मला वाटलं होतं, तुला नकोय द्यायला."

"माहीत आहे."

"राग नव्हता आला गं. उलट बरं वाटलं थोडं. तू घाबरलेली असलीस तर मलाही घाबरायची सोय होईल. तुम्ही सगळे असे वाघासारखे वागत होतात, की मी रडायचं कुणाजवळ?"

धाकटी तिच्या उशाशी बसली. "घाबरलेय ना मी. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," ताई म्हणाली, आणि मोकळा असलेला हात तिने बहिणीच्या गुडघ्यावर ठेवला. मशीन चालू होतं, आणि किती दिवसांनी धाकटीला तिथून उठून जावंसं वाटलं नाही.

पुढे आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं तेवढंच खाणं, टाकीभोवतीच्या फेऱ्या तशाच, आणि नवरा चार दिवस घड्याळाशी अबोला धरून. वजन सावकाश उतरलं. आठ किलो पुरे झाले तेव्हा सर्जनने धाकटीला एकटीला आत बोलावलं. देणाऱ्याला घरच्यांपासून वेगळं बसवून विचारायचा त्यांचा नियमच होता.

"कुणाचा दबाव आहे का तुमच्यावर?"

"नाही."

"भीती वाटते?"

काही महिन्यांपूर्वी ती नाही म्हणाली असती आणि घरी जाऊन तळमळली असती.

"वाटते," ती म्हणाली. "खूप वाटते, तसंच लिहा. आणि देतेय, तेही लिहा."

सर्जनने दोन्ही लिहिलं आणि तारीख दिली.