वायरमनच्या घरातला झगझगाट

आमच्या शेजारच्या वहिनी घरी बसून मुद्रितं तपासतात. यजमान वायरमन. दोघांत काय बोलणं होतं ते मला सगळं कळतं. मी भिंतीला कान लावत नाही हो, भिंतच पातळ आहे.

वहिनींना अर्धशिशी. झगझगीत उजेड डोळ्यांवर आला की दिवस गेलाच. आणि लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालणारा त्यांचा जुना लॅपटॉप रोज सकाळी हटकून पूर्ण उजेडात पेटायचा. आदल्या दिवशी मंद केलेला पडदा पुन्हा हेडलाइटसारखा अंगावर! अशात प्रकाशकांनी शब्दकोशाचं काम देऊ केलं. जन्मभर वाट पाहिलेलं काम, पण पानं सगळी पडद्यावरच तपासायची. शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं.

"ते लिनक्स काढून टाक," वायरमन म्हणायचे. "फुकटचं आणि टिकाऊ, असं कधी पाहिलंयस?"

"पाहिलंय ना. घरचा वायरमन."

वहिनी हट्टाने माहिती वाचत बसल्या. लिनक्स बंद होताना पडद्याचा उजेड साठवून ठेवतं आणि सुरू होताना तेवढाच लावतं, असं कळलं. मग आपलंच कसं विसरतं?

शुक्रवारी संध्याकाळी मी पक्कड मागायला गेलो. वायरमन कामावरून आले, चपला काढल्या आणि सवयीने घरभर बटणं बंद करत सुटले. लॅपटॉपचंही, भिंतीवरचं! बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे तो जागीच गार.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थिजल्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं, हे रीतसर बंद करतात.

"अहो! रोज असंच करता?"

"मग? वीज चालू ठेवून उठायचं नसतं."

"लक्षात ठेवायला त्याला वेळ तरी देता का? रोज गळाच दाबता बिचाऱ्याचा!"

मी पक्कड सोडून खुर्ची ओढली. असा खेळ कोण सोडतो?

वहिनींनी भिंतीवरचं बटण लावलं, तोंड फिरवून लॅपटॉप सुरू केला, चाचपत उजेडाची कळ दाबत नेली. "झाला मंद," मी म्हणालो. मग मेनूतून रीतसर बंद. वायरमन हात मागे बांधून उभे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. पंखा थांबला.

"आता करा तुमचं बटण बंद. आणि पुन्हा चालू."

या वेळी लॅपटॉप सुरू करताना वहिनींनी तोंड फिरवलं नाही. पडदा उजळला तो झिरोच्या बल्बसारखा, शांत.

"जिंकलात, वहिनी!"

"म्हणजे दोष माझ्या वायरिंगचा?" वायरमन पुटपुटले.

"वायरिंग उत्तम. वायरमन उतावळा," म्हणत वहिनींनी तिथूनच प्रकाशकांना फोन लावला. "हो, कोश मीच करणार. सगळा! पहिली पानं उद्याच पाठवा."