तक्रारीचा रकाना

गाइक चूची वही बघून कुणालाही वाटलं असतं की ही बाई कुठल्या तरी पलटणीची रसद सांभाळते. प्रत्यक्षात ती मलेशियातल्या आमच्या सेरेम्बानच्या पाणीपुरवठा कचेरीत टायपिस्ट होती आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. वहीत दर पानावर आखलेले रकाने होते: वार, वेळ, दुकान, पदार्थ, आणि शेवटचा सगळ्यात रुंद रकाना म्हणजे तक्रार.

वही पेनांगची. वर्षातून दोनदा गाइक चू आणि तिचा नवरा तेंग किआत गाडीने पेनांगला जात, ते फक्त खायला. बावीस वर्षांत त्यांनी तिथला किल्ला आतून पाहिला नव्हता, डोंगरावरच्या रेल्वेत बसले नव्हते. तीन दिवसांत चौदा खाणी बसवायची म्हणजे असल्या गोष्टींना वेळ कुठून असणार? गाइक चूचे नियम ठरलेले होते. तळलेल्यावर तळलेलं नाही. दोघांत एक वाडगा, म्हणजे पुढच्याला जागा राहते. दोन खाण्यांच्या मधे निदान वीस मिनिटं चालणं. कुठली खाण्याची हातगाडी गुरुवारी बंद, कुठल्या म्हाताऱ्याचा माल दहालाच संपतो, कुठल्या बाईचा मुलगा हल्ली आईच्या जागी उभा राहतो आणि हात सढळ ठेवत नाही, हे सगळं तिला पाठ होतं.

आणि तक्रार तेंग किआतची. हा माणूस शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. आयुष्यभर थेंब मोजून बाटल्या भरल्यामुळे असेल, पण त्याच्या जिभेपुढे कुणी पास होत नसे. गाइक चू त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घ्यायची. ‘कोंबडी आजी झालेली.’ ‘सूप काल जास्त चांगलं होतं, आज त्याचा धाकटा भाऊ आलाय.’ ‘मिरपूड घातली की नुसती दाखवली?’ शिव्या घालून झाल्या की वाडगा चाटूनपुसून साफ, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच. ज्या दुकानापुढचा रकाना कोरा राहिला तिथे ती दोघं परत जात नसत. त्याला बोलावंसं वाटलं नाही म्हणजे त्यात काही नव्हतंच, असा तिचा हिशोब होता.

गेल्या वर्षी त्याच्या नाकामागे, घशाच्या वर कॅन्सर निघाला. तेहतीस वेळा रेडिएशन झालं. गाठ गेली, डॉक्टरांनी हात मिळवला, शेजाऱ्यांनी संत्री आणून दिली. पण तोंडातली लाळ आटली आणि चव गेली. घासागणिक पाण्याचा घोट घेतल्याशिवाय अन्न खाली उतरत नसे. डॉक्टर म्हणाले, “चव येते परत. कुणाची सहा महिन्यांत, कुणाची वर्षात.” आणि कुणाची येतच नाही, हे त्यांनी सांगितलं नाही तरी गाइक चूला समजलं. आता अकरा महिने झाले होते.

त्या अकरा महिन्यांत तेंग किआतने एकदाही तक्रार केली नाही. भाताची पेज दिली, बरं आहे. मऊ टोफू दिला, छान आहे. एकदा घाईत पेजेत मीठच राहिलं. तो शेवटच्या चमच्यापर्यंत जेवला आणि म्हणाला, “मस्त झालीय गं, तू किती करतेस माझ्यासाठी.” मग गाइक चू आपला वाडगा घेऊन बसली आणि पहिल्याच घासाला तिच्या लक्षात आलं. मागच्या दारी जाऊन ती रडली. चाळीस वर्षं ज्या कुरकुरीला ती कंटाळली होती, ती ऐकायला आता तिचे कान आसुसले होते. घरात एक सभ्य, आभारी पाहुणा राहायला आला होता, आणि तिला तो नको होता. तिला तिचा नवरा हवा होता.

म्हणून तिने पेनांगचं ठरवलं. त्याला सांगितलं हवापालट म्हणून. मनात मात्र पैज लावली होती: तिथे तो एका जरी वाडग्याला नावं ठेवेल तर चव परत येईल. तिथेही “बरं आहे” म्हणाला, तर आपण वाट बघणं सोडायचं आणि पाहुण्यावर प्रेम करायला शिकायचं.

वहीत नवं पान आखलं. चौदाऐवजी सातच खाणी, सगळी ओली, मऊ, बिनतिखट. पहिला मान अर्थात पुतळ्याजवळच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याच्या कोय तेओ सूपला. तांदळाच्या रुंद, निसरड्या शेवया आणि बदकाच्या हाडांचं सूप. त्या एकट्या सूपवर तेंग किआतच्या चौतीस तक्रारी होत्या. उठायचंच असलं तर जीभ तिथेच उठणार होती.

तारखा तिने हॉस्पिटलच्या कार्डावरून काढल्या. दोन तपासण्यांच्या मधले मोकळे दिवस, रविवार ते बुधवार, म्हणजे शनिवारची गर्दीही नाही. इथेच ती फसली. दरवर्षी ती तांदळाच्या दुकानाने दिलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखा बघायची, ज्याच्यावर मोठ्या आकड्याखाली चिनी चांद्र तिथीचा छोटा आकडा असतो. या वर्षी त्या कॅलेंडरची पानं मार्चनंतर कुणी फाडलीच नव्हती. हॉस्पिटलच्या कार्डावर रक्ताची तपासणी असते, तिथी नसते.

गाडी तिने चालवली. पूर्वी तो चालवायचा आणि पाच तास पुढच्या प्रत्येक लॉरीवर बोलायचा. आता तो बाजूला बसून दर थोड्या वेळाने बाटलीतून घोट घेत होता आणि म्हणत होता, “छान चालवतेस.” पूल ओलांडून ती दोघं बेटावर आली आणि पहिल्याच चौकात गाइक चूला पिवळं निशाण दिसलं. मग दुसरं. मग अख्खी गल्ली पिवळी. देवळाच्या दिशेने पांढऱ्या कपड्यांतली माणसं हातात उदबत्त्या घेऊन चालली होती.

“अगं आई गं,” ती म्हणाली आणि तिने गाडी कडेला घेतली.

नवव्या महिन्याची तिसरी तिथी होती. नऊ सम्राट देवांचे दिवस. नऊ दिवस मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. पेनांगचा निम्मा बाजार व्रत करतो आणि उरलेला निम्मा सुट्टी घेऊन बसतो. पुतळ्याजवळच्या गल्लीत म्हाताऱ्याच्या गाडीवर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर पिवळा कागद: दहाव्या दिवशी भेटू. वहीतली पुढची दोन ठिकाणंही तशीच. सेरेम्बानमधल्या लहान पोरांनाही या दिवसांत पेनांगला खायला जायचं नसतं हे ठाऊक आहे, आणि बावीस वर्षांच्या वहीची मालकीण बरोबर त्याच दिवसांत येऊन उभी होती.

“माझं डोकं कुठे गेलं होतं!” ती रस्त्यातच स्वतःवर ओरडली. “पाच तास तुला उन्हातून आणलं, आणि कशाला, ताडपत्री बघायला!”

तेंग किआतने तिच्या पाठीवर हात ठेवला. “असू दे गं. चालायचंच. काहीही खाऊ, मला सगळं सारखंच.”

मला सगळं सारखंच! पूर्वी हा माणूस एवढ्यावर बोनेटवर बुक्की मारून म्हणाला असता, तुझ्या त्या वहीला आग लाव. गाइक चूला वाटलं, मारावी त्याने बुक्की. तो समजूतदारपणा तिला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागला. त्या दिवशी दोघांनी सोयाबीनचं कोमट दूध प्यायलं. “छान आहे,” तो म्हणाला. तिने वही पिशवीच्या तळाशी टाकली आणि वर टॉवेल दाबला.

दुसऱ्या दिवशी बेत असा नव्हताच. चालून पाय दुखले म्हणून अकराच्या सुमाराला ती दोघं बाजारामागच्या कॉफीच्या दुकानात टेकली. आत खाण्याच्या पाचसहा गाड्या असतात, त्यातली एकच चालू होती, सो इमची. पन्नाशीची, आवाजाने ताशा. तिच्या लाक्साला, म्हणजे माशाच्या आंबट रश्श्यातल्या शेवयांना, तेंग किआत बावीस वर्षं नावं ठेवत आला होता आणि ती बावीस वर्षं पुरून उरली होती. आज तिच्या गाडीवरही पिवळं कापड होतं.

“अगं बाई, ताई! नऊ दिवसांत तुम्ही?” सो इमने पळी वर केली. “उपास धरलात की वाट चुकलात? आणि दादा, तुम्ही अर्धेच आलात. बाकीचे घरी ठेवले काय?”

तेंग किआत नुसता हसला. पूर्वी त्याने हे उधार ठेवलं नसतं. सो इमला आजाराचं काही माहीत नव्हतं, आणि भर दुकानात सांगायची गाइक चूला इच्छा नव्हती.

“शाकाहारी लाक्सा आहे,” सो इम म्हणाली. “चिंच, अननस, अळंबी. मासा नाही म्हणून नाक मुरडायचं नाही.”

लाक्सा वहीत नव्हताच, कारण आंबट त्याच्या तोंडाला झोंबेल अशी तिला भीती होती. पण दुसरं काही मिळत नव्हतं. “एकच वाडगा दे,” ती म्हणाली. “मिरची अजिबात नको.”

वाडगा आला. तिने पाण्याची बाटली झाकण काढून त्याच्या उजव्या हाताला ठेवली. त्याने एक घास घेतला. चावला, गिळला. दुसरा घेतला. गाइक चू आपल्या कॉफीत साखर ढवळत होती, ढवळता ढवळता तिचं लक्ष बाटलीकडे गेलं. बाटली भरलेली होती. तिसरा घास. चौथा. हात बाटलीकडे गेला नाही. चिंचेने त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. अकरा महिन्यांनी ते सुटलं होतं. तिचा चमचा कपातच थांबला. आता आपण बोललो तर काहीतरी मोडेल असं तिला वाटलं, म्हणून ती श्वाससुद्धा जपून घेत होती.

सहाव्या घासाला त्याने खायच्या काड्या खाली ठेवल्या. कपाळाला आठ्या.

“झोंबतंय?” ती घाबरून म्हणाली. “थांब, पाणी घे.”

त्याने मान हलवली. जीभ टाळ्याला लावून तो बराच वेळ बसला, कुणी ओळखीचं दाराशी येऊन उभं आहे आणि नाव आठवत नाही तसा. मग तो खुर्चीतच मागे वळला.

“सो इम!”

“काय दादा?”

“चिंच संपली होती का गं? की देवांनी चिंचेचंही व्रत सांगितलंय?”

दुकानातल्या दोनचार माना वळल्या. सो इमने पळी भांड्यावर आपटली. “चिंच रोजच्याएवढीच आहे!”

“रोजच्याएवढी तर रोजच कमी असते. आज त्याहून कमी आहे. अननस कच्चा. आणि ते लाल फूल घालतेस ना चिरून, त्याचा वास येतोय, पण मागून, दमत दमत. कालचं चिरलेलं आहे.”

“आज सकाळचं आहे!”

“कुठल्या वर्षीच्या?”

“हे बघा दादा, मासा नाही, सुकट नाही, कांदा नाही, मग त्यात काय आता मी उतरू? एवढं होतंय हेच खूप. दहाव्या दिवशी या, मग बोला!” ती पदर खोचल्यासारखी एप्रन आवळत टेबलाशी आली आणि थबकली. “अगं, ताई रडताय का? एवढं वाईट झालंय?”

 गाइक चूने सो इमचा चिंचेने बरबटलेला हात धरला. “भांड त्याच्याशी,” ती म्हणाली. “तुझ्या पाया पडते, अजून भांड.”

सो इमने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तेंग किआतची कॉलर गळ्याभोवती सैल झालेली तिला आत्ता नीट दिसली असावी. ती काही विचारत बसली नाही. तशीच मागे गेली, एक नवं फूल सगळ्यांना दिसेल असं वर धरलं, खसाखसा चिरलं, आणि वाटीभर चिंचेच्या कोळासकट आणून टेबलावर आपटलं.

“घ्या. आता काय कमी?”

त्याने कोळ ओतला, फूल टाकलं, चाखलं. “मीठ,” तो म्हणाला.

सो इम तोंडातल्या तोंडात बडबडत मीठ आणायला गेली. गाइक चूने पिशवीच्या तळाशी हात घालून टॉवेलखालून वही ओढून काढली. गाल पुसले. पेन चालत नव्हतं, ते तिने तळहातावर घासलं आणि लिहायला लागली. चिंच कमी. अननस कच्चा. फूल दमत येतं. मीठ.

“झालं लिहून?” तेंग किआतने वाडगा स्वतःकडे ओढला. आज अर्धा वाटा द्यायचा त्याचा विचार दिसत नव्हता.

“झालं.”

“मग खाली अजून एक लिही. कोय तेओवाल्याची गाडी बंद आहे हे कॅलेंडरवर ढळढळीत छापलेलं असताना या बाईने मला पाच तास भाजत आणलं. बावीस वर्षं कसली वही ठेवतेस गं तू?”

वर्षभरात तो तिला पहिल्यांदाच टाकून बोलला होता. गाइक चूने तेही शब्दन् शब्द उतरवून घेतलं. रकाना भरला तेव्हा तिने वही आडवी केली आणि उरलेलं समासात लिहिलं.